पसरलेला मोठ्या आतड्याचा कर्करोग : आयुर्मानाचा अंदाज कसा बांधावा आणि कसा वापरावा

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच कर्करोग केंद्रात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात तपासणी करून आलेल्या रुग्णाची फाइल ऐरोलीतील माझ्या दवाखान्यात उघडली जाते, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असताना मुलगा किंवा जावई दबक्या आवाजात विचारतो : ‘डॉक्टर, किती वेळ आहे?’ या प्रश्नाला मिळणारी उत्तरे साधारणपणे दोन प्रकारची असतात. एक तर ‘सहा महिने’ असा ठोक आकडा सांगितला जातो, नाही तर ‘आपल्या हातात काय आहे, बघू या’ असे म्हणून विषय संपवला जातो. या दोन्ही उत्तरांवर घरातला एकही निर्णय घेता येत नाही. मोठे आतडे किंवा गुदाशय यांचा कर्करोग यकृत, फुप्फुस किंवा पोटाच्या अस्तरापर्यंत पोहोचला असेल, म्हणजे आजार चौथ्या टप्प्यात असेल, तर हाती असलेल्या कागदांवरून वापरता येण्याजोगा अंदाज कसा बांधावा, हे पुढे सांगितले आहे. पहिल्या तीन टप्प्यांचे हिशेब निराळे असतात आणि त्यांना हे लागू करू नये. उपचाराचा निर्णय अर्थातच कर्करोगतज्ज्ञांचाच असतो. त्यांच्यासमोर नेमका प्रश्न घेऊन बसता यावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आकडा नव्हे, पट्टा

शोधनिबंधांत आणि डॉक्टरांच्या बोलण्यात जो आकडा येतो, तो बहुतेक वेळा मध्यक असतो. मध्यक २४ महिने याचा अर्थ असा की, त्या गटातील निम्मे रुग्ण २४ महिन्यांच्या आत गेले आणि निम्मे त्यापुढेही जगले. किती पुढे, हे तो आकडा सांगत नाही. घरी मात्र तो ‘दोन वर्षांची मुदत’ म्हणून पोहोचतो आणि मग पंचविसाव्या महिन्यात धडधाकट असलेल्या माणसाकडे घरचे लोक धास्तीने पाहू लागतात.

ऑस्ट्रेलियातील कर्करोगतज्ज्ञांनी यावर एक सोपी रीत सुचवली आहे आणि माझ्या मते ती प्रत्येक कुटुंबाला यायला हवी. तज्ज्ञांकडून मध्यकाचा आकडा घ्यावा. त्याच्या निमपटीपासून दुपटीपर्यंतच्या पट्ट्यात साधारण अर्धे रुग्ण येतात. मध्यकाच्या सहाव्या भागाइतक्या किंवा त्याहून कमी काळात सुमारे दहा टक्के रुग्ण दगावतात, आणि तिपटीहून अधिक काळ सुमारे दहा टक्के रुग्ण जगतात. हे गणित वाढलेल्या कर्करोगाच्या अनेक प्रकारांत बऱ्यापैकी जुळते आणि कागद-पेन्सिलीवर करता येते.

आता मध्यक कोणता धरायचा? ज्या काळी फ्लुरोयुरॅसिल हे एकच औषध होते, त्या काळी पसरलेल्या आजारात मध्यक सुमारे वर्षभराचा असे, आणि उपचार न घेतलेल्यांचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. ऑक्झॅलिप्लॅटिन किंवा आयरिनोटेकन यांची जोड आणि त्यावर बेव्हॅसिझुमॅब किंवा सेटुक्सिमॅबसारखे प्रतिपिंड औषध आल्यापासून वैद्यकीय चाचण्यांमधील मध्यक दोन ते अडीच वर्षांवर गेला आहे. अमेरिकेतील कर्करोग नोंदणीनुसार दूरवर पसरलेल्या आजारात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. चाचण्यांमधील आकडे घरच्या माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, कारण चाचणीत घेतले जाणारे रुग्ण निवडक असतात. चालते-फिरते, यकृत आणि मूत्रपिंड नीट असलेले आणि दर भेटीला हजर राहू शकणारेच त्यात येतात. दिवा स्टेशनाहून कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेत येणारा रुग्ण त्या गटात बसत नाही.

आधी माणूस पाहावा

फाइल उघडण्यापूर्वी रुग्णाकडे पाहावे. पसरलेल्या कर्करोगात आयुर्मानाचा सर्वांत भरवशाचा निर्देशक कोणताही महागडा रिपोर्ट नसून माणूस दिवसभरात काय करू शकतो हा आहे. डॉक्टर त्याला ईकॉग श्रेणी म्हणतात आणि ती ० ते ४ अशी मोजतात. सगळे पूर्वीसारखे चालू असेल तर ०. कष्टाचे काम जमत नाही, पण हलके काम आणि हिंडणे-फिरणे चालू आहे, तर १. स्वतःचे सगळे करतो, पण नोकरी-धंदा जमत नाही आणि जागेपणीचा निम्म्याहून कमी वेळ आडवा असतो, तर २. जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत जातो आणि स्वतःचे जेमतेम करता येते, तर ३. पूर्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर ४.

ही श्रेणी तपासणीच्या खोलीत चुकते, कारण डॉक्टरांसमोर बहुतेक माणसे ताठ बसतात आणि ‘ठीक आहे’ म्हणतात. घरातल्यांना मात्र खरे माहीत असते. आंघोळ स्वतः करतात का, भाजी आणायला खाली उतरतात का, दुपारी जेवल्यावर किती वाजेपर्यंत झोपून असतात, जिना चढताना मध्ये थांबावे लागते का, हे आठवडाभर पाहून लिहून ठेवावे आणि भेटीच्या वेळी तो कागद डॉक्टरांना द्यावा. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले, हेही त्यावर असावे.

श्रेणी ठरवण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी, ती ही की थकव्याला दुरुस्त होण्याजोगे कारण तर नाही ना. उजव्या बाजूच्या आतड्यातील गाठ महिनोन्महिने थोडे थोडे रक्त गमावते आणि हिमोग्लोबिन ७ वर आलेला माणूस आजारापेक्षा रक्तक्षयानेच झोपून असतो. आतड्याचा मार्ग अडल्यामुळे खाणे थांबलेला रुग्ण मार्ग मोकळा झाल्यावर किंवा पोटावर पिशवीची व्यवस्था झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ओळखू न येण्याइतका सुधारू शकतो. जंतुसंसर्ग, न आवरलेली वेदना आणि खोल नैराश्य यांचेही तसेच आहे. अशा अवस्थेत बांधलेला अंदाज उगाचच काळा निघतो.

मग फाइल

स्कॅनच्या अहवालात सर्वप्रथम आजार किती अवयवांत आहे ते पाहावे. आतड्याचे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून पसरण्याची पहिली जागा बहुधा यकृत असते. गुदाशयाच्या खालच्या भागातील आजार मात्र थेट फुप्फुसात जाऊ शकतो. एकाच अवयवात असलेला आजार दोन-तीन अवयवांत असलेल्या आजारापेक्षा बरा, आणि फक्त फुप्फुसात असलेला आजार बऱ्याचदा संथ चालतो. पोटाच्या अस्तरावर पसरलेला आजार सर्वांत त्रासदायक ठरतो. २०१८ पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात त्याला एम१सी हा वेगळा गट दिलेला आहे. तो स्कॅनमध्ये नीट दिसतही नाही, त्यामुळे ‘पोटात पाणी’ हे दोन शब्द अहवालात असतील तर त्यांच्याबद्दल आवर्जून विचारावे.

यानंतरचा प्रश्न सगळा हिशेबच बदलू शकतो : यकृतातील किंवा फुप्फुसातील गाठी शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येतील का? चौथा टप्पा म्हणजे सगळे संपले, असे आपल्याकडे धरले जाते. या कर्करोगात ते खरे नाही. न्यू यॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने यकृतातील गाठी काढलेल्या १००१ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण ३७ टक्के होते. त्याच अभ्यासातून पाच मुद्द्यांची गुणपद्धती निघाली आणि ती आजही वापरली जाते. मूळ गाठीजवळच्या लसिका ग्रंथींत आजार असणे, मूळ आजारानंतर वर्षाच्या आत यकृतात गाठ दिसणे, एकाहून अधिक गाठी असणे, सर्वांत मोठी गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असणे आणि सीईए (कर्करोगात रक्तात वाढणारे एक प्रथिन) २०० च्या वर असणे, या प्रत्येकाला एक गुण दिला जातो. शून्य गुण असलेल्यांत पाच वर्षे जगणारे ६० टक्के होते, तर पाचही गुण असलेल्यांत १४ टक्के. म्हणून ‘शस्त्रक्रिया शक्य नाही’ हे वाक्य फाइलमध्ये असेल, तर ते यकृताच्या शस्त्रक्रिया नियमितपणे करणाऱ्या शल्यविशारदाने स्कॅन पाहून लिहिले आहे की नाही, याची विचारणा करावी. आज काढता न येणारी गाठ चार-सहा केमोनंतर आकसून काढता येण्याजोगी होऊ शकते, त्यामुळे हा प्रश्न एकदाच विचारून सोडून देऊ नये.

मूळ गाठ कोणत्या बाजूला आहे, हेही महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत केरास (रास गटातील एक) जनुकात बदल नसलेल्या रुग्णांपैकी डाव्या बाजूची गाठ असलेल्यांचा मध्यक ३३.३ महिने होता, तर उजव्या बाजूच्यांचा १९.४ महिने. उपचार तेच असूनही एवढे अंतर पडले. उजवी बाजू म्हणजे सीकम (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग) आणि चढते आतडे, आणि डावी म्हणजे उतरते आतडे, सिग्मॉइड (गुदाशयाआधीचा वळणदार भाग) आणि गुदाशय.

बायोप्सीच्या पहिल्या अहवालात फक्त ‘ॲडिनोकार्सिनोमा’ असे लिहिलेले असते आणि अनेक फाइली तिथेच थांबलेल्या असतात. अंदाजासाठी तेवढे पुरत नाही. रास व बीरॅफ ही जनुके आणि एमएमआर (पेशीतील डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा) या तीन तपासण्यांचे निकाल हवेत, आणि परवडत असेल तर हर-टू या प्रथिनाचाही. त्यांसाठी बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेले तुकडे, लागतात, म्हणून ते पहिल्या रुग्णालयातून वेळीच मागून घ्यावेत. रास जनुकात बदल जवळपास निम्म्या रुग्णांत सापडतो. तो असेल तर सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही औषधे उपयोगी पडत नाहीत, म्हणजेच उपचाराचा एक मोठा टप्पा वगळला जातो.

बीरॅफ व्ही६००ई हा बदल दहातील एखाद्याच रुग्णात असतो आणि जुन्या केमोवर त्यांचा मध्यक वर्षभराच्या आसपासच रेंगाळत असे. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब यांची केमोला जोड दिल्यावर मध्यक ३० महिन्यांवर गेला, तर नेहमीच्या उपचारावरील गटात तो १५ महिने होता. तीन वर्षांपूर्वीचा लेख वाचून बांधलेला अंदाज किती शिळा असू शकतो, ते यावरून कळेल. मात्र ही औषधे अतिशय महाग आहेत आणि जे औषध घेताच येणार नाही, त्याचा मध्यक आपल्या हिशेबात धरणे ही स्वतःची फसवणूक होय. एमएमआर यंत्रणा निकामी असलेले, म्हणजे एमएसआय-हाय गटातील रुग्ण चौथ्या टप्प्यात शंभरात चार-पाचच असतात. पण त्यांच्यात पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीने आजार न वाढता गेलेल्या काळाचा मध्यक १६.५ महिने होता, केमोने ८.२, आणि काहींमध्ये तर आजार वर्षानुवर्षे शांत राहतो. या एका तपासणीवाचून सांगितलेला कोणताही अंदाज मी अपुरा समजतो.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. टाटा रुग्णालयातील नोंदींनुसार भारतीय रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्यांपेक्षा बरेच कमी आहे आणि सिग्नेट रिंग या आक्रमक प्रकाराचे प्रमाण जास्त आहे. हे दोन शब्द बायोप्सीत असतील तर परदेशी आकड्यांतून तयार झालेली संगणकीय गणकयंत्रे बाजूला ठेवावीत, कारण ती अशा रुग्णांच्या बाबतीत उगाच आशावादी ठरतात.

रक्ताच्या तपासण्यांपैकी अल्ब्युमिन (रक्तातील एक मुख्य प्रथिन) आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) या दोन कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होतात आणि त्यांवरून ग्लासगो गुणांक काढता येतो. दोन्ही ठीक असतील तर ०, सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर २, आणि दोहोंपैकी एकच बिघडलेले असेल तर १. गुण जितके अधिक, तितके आयुर्मान कमी, असे अनेक कर्करोगांत दिसून आले आहे. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया किंवा साधा ताप असताना सीआरपी आपोआप चढते, तेव्हा त्या दिवसांतला गुणांक धरू नये. एलडीएच, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणे हीदेखील प्रतिकूल लक्षणे आहेत. सीईएच्या आकड्याकडे मात्र कुटुंबे गरजेपेक्षा जास्त डोळे लावून बसतात. तो धूम्रपानानेही थोडा वाढतो आणि केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत, उपचार लागू पडत असतानाही, तात्पुरती उसळी घेऊ शकतो.

एक उदाहरण सोडवून पाहू

कळव्यातील ५८ वर्षांचे, कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत असे समजू. सिग्मॉइडची गाठ, यकृताच्या दोन्ही भागांत अनेक गाठी, शल्यविशारदांच्या मते तूर्त न काढण्याजोग्या. फुप्फुसे आणि पोटाचे अस्तर मोकळे. रासमध्ये बदल, बीरॅफ नाही, एमएमआर शाबूत. ईकॉग १, अल्ब्युमिन ३.२, सीआरपी १४, वजन सात किलोंनी उतरलेले. डावी बाजू, एकच अवयव आणि ईकॉग १ या जमेच्या बाजू, तर रासमधील बदल आणि ग्लासगो गुणांक २ या उण्या. तज्ज्ञ म्हणतात, केमो आणि बेव्हॅसिझुमॅबवर अशा रुग्णांचा मध्यक आपण २० महिने धरू.

आता गणित करू. अशा रुग्णांपैकी निम्मे १० ते ४० महिन्यांच्या पट्ट्यात येतील. दहातला एक जण साडेतीन महिन्यांच्या आतच जाईल आणि दहातला एक जण पाच वर्षांहून पुढे जगेल. घरच्यांनी हे तीन भाग तीन वेगवेगळ्या कामांसाठी वापरावेत. साडेतीन महिन्यांची शक्यता लक्षात घेऊन तातडीची कामे याच महिन्यात उरकावीत : सिडकोच्या घराचे आणि सोसायटीच्या भागभांडवलाचे नामनिर्देशन, मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाते, पीएफचे कागद. १० ते ४० महिन्यांच्या पट्ट्यावर खर्चाचा आराखडा बसवावा, कारण सगळी ठेव पहिल्या सहा महिन्यांत मोडली तर दुसऱ्या टप्प्यातील उपचारासाठी काही उरत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे याच वेळी विचारून घ्यावे. आणि पाच वर्षांच्या शक्यतेसाठी नातीच्या शाळाप्रवेशाचे बेत रद्द न करता तसेच चालू ठेवावेत.

डॉक्टरांना काय विचारावे

‘किती वेळ आहे?’ या प्रश्नाऐवजी असे विचारावे : ‘यांच्यासारख्या दहा रुग्णांपैकी वर्षभराने किती जण असतील? सर्वांत वाईट झाले तर काय, बरे झाले तर काय आणि बहुतेकांचे काय होते?’ माझा अनुभव असा आहे की, ठोक आकडा द्यायला कचरणारे तज्ज्ञही या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देतात. मिळालेल्या उत्तरातही थोडी काटछाट करावी. शिकागोमधील डॉक्टरांचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे सांगतो की, अखेरच्या अवस्थेतील रुग्णांबाबत त्यांचे बहुतेक अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाले, सरासरीने पाचपटीहून अधिक, आणि रुग्णाशी ओळख जितकी जुनी तितकी चूक मोठी होती. माझ्यासारख्या वीस-वीस वर्षे एकाच कुटुंबाला पाहणाऱ्या फॅमिली डॉक्टरने हे विशेष लक्षात ठेवायला हवे. म्हणून ‘हा रुग्ण वर्षभरात गेला तर तुम्हांला आश्चर्य वाटेल का?’ हा प्रश्नही जरूर विचारावा. त्याचे ‘नाही’ हे उत्तर मिळाले तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात नाव नोंदवावे. ही सेवा केमो चालू असतानाही घेता येते.

‘बाबांना काही सांगू नका’ ही विनंती मला जवळजवळ प्रत्येक घरातून होते. त्यामागची माया समजते, पण तिचे परिणाम ठाऊक असावेत. अमेरिकेतील २०१२ च्या एका अभ्यासात पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या ८१ टक्के रुग्णांना, या केमोने आजार मुळापासून बरा होण्याची शक्यता फारशी नाही, हे उमगलेले नव्हते. ज्याला हे ठाऊक नाही, तो पाचवी केमो घ्यायची की गणपतीला कोकणात गावी जायचे, याचा निर्णय स्वतःचा म्हणून घेऊच शकत नाही. रुग्णालाच ‘तुम्हांला किती जाणून घ्यायला आवडेल?’ असे विचारावे आणि तो म्हणेल तेवढेच सांगावे.

अंदाज केव्हा बदलावा

पहिला अंदाज पहिल्या स्कॅनपर्यंतच, म्हणजे दोन-तीन महिन्यांपुरताच धरावा. गाठी आकसल्या, वजन उतरणे थांबले आणि अल्ब्युमिन चढले तर पट्टा वरच्या बाजूला सरकतो आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न पुन्हा उघडतो. उपचार चालू असतानाच आजार वाढला तर जुना मध्यक रद्द समजून पुढच्या टप्प्याचा नवा मध्यक विचारावा. ऑक्झॅलिप्लॅटिन आणि आयरिनोटेकन या दोन्ही केमो निष्प्रभ झाल्यानंतर दिल्या जाणाऱ्या रेगोराफेनिब किंवा ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिल या गोळ्यांच्या चाचण्यांत मध्यक साधारण सहा ते सात महिने होता आणि नुसत्या सहाय्यक उपचारापेक्षा तो दीड-दोन महिन्यांनीच अधिक होता. ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिलला बेव्हॅसिझुमॅबची जोड दिल्यावर तो पुढे १०.८ महिन्यांपर्यंत गेला. उलट, ज्याने दोन वर्षे काढली आहेत, त्याची पुढची शक्यता सुरुवातीच्या आकड्यावरून मोजू नये. वाईट शक्यता ज्यांच्या वाट्याला आल्या, ते या गटातून वगळले गेलेले असतात, त्यामुळे त्याच्यासाठी हिशेब नव्याने आणि अधिक अनुकूल मांडावा लागतो.

अखेरच्या काळात स्कॅन आणि जनुके मागे पडतात आणि बदलाचा वेग तेवढा पाहावा. प्रकृती महिन्यागणिक खालावत असेल तर बहुधा महिने उरलेले असतात, आठवड्यागणिक असेल तर आठवडे आणि दिवसागणिक असेल तर दिवस. ईकॉग ३ वरून ४ वर जाणे, कावीळ वाढत जाणे, दोन घासांवर जेवण येणे, रात्री बरळणे किंवा माणसे न ओळखणे ही आठवड्यांची लक्षणे आहेत. या टप्प्यावर केमोसाठी खारघरला किंवा परळला नेण्याने रुग्णाची दमछाक होते आणि आयुर्मानात भर पडत नाही. तेव्हा मॉर्फीनच्या गोळ्यांची चिठ्ठी पॅलिएटिव्ह विभागाकडून आधीच घेऊन ठेवावी आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, ते घरात लिहून लावावे. रुग्णाला घरीच ठेवायचे ठरले असेल तर घरी येऊन तपासणारा आणि गरज पडल्यास मृत्यूचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४अ, देणारा जवळचा डॉक्टर आधीच ठरवून त्याला फाइल एकदा दाखवून आणावी. रुग्णाला पूर्वी कधीच न पाहिलेला डॉक्टर ते प्रमाणपत्र देण्यास बहुधा नकार देतो आणि पालिकेकडील नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते.